मध्यम बजेटच्या संगणकाला साजेसे ग्राफिक्स कार्ड : रायझन ५ ५६००जी सोबत काय घ्यावे?

वाटसरू_सातारा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

२०२१ च्या अखेरीस ग्राफिक्स कार्डांच्या किमती आवाक्याबाहेर गेल्या होत्या, तेव्हा मी अंगभूत ग्राफिक्स असलेला रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर घेऊन संगणक असेंबल करून घेतला. किमती उतरल्या की कार्ड घालायचे, हे तेव्हाच ठरले होते. मदरबोर्ड बी५५० चिपसेटचा आहे, रॅम ३२०० वेगाची डीडीआर४ असून ८ जीबीच्या दोन पट्ट्या आहेत, एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) ४५० वॅटचा आहे आणि मॉनिटर २४ इंची, १९२० गुणिले १०८० पिक्सेलचा, ७५ हर्ट्झचा आहे.

माझी धाकटी बहीण पुण्यात ॲनिमेशनचा अभ्यासक्रम शिकत आहे. सुट्टीत घरी आल्यावर तिला ब्लेंडर या त्रिमितीय ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरवर काम करता यावे, हा कार्ड घेण्यामागचा मुख्य हेतू आहे. मी स्वतः शाळेतील मुलांसाठी भौतिकशास्त्राच्या चित्रफितींचे संकलन करतो आणि सवड मिळाली की एखादा गेम खेळतो. बजेट ३०,००० रुपयांचे आहे. त्यात फार तर दोन-तीन हजारांची भर घालता येईल.

दुकानदार आरटीएक्स ४०६० घ्या म्हणतात, तर एका मित्राच्या मते आरटीएक्स ५०६० सोडून दुसरे काही घेऊच नये. एका संकेतस्थळावरच्या बॉटलनेक कॅल्क्युलेटरने मात्र माझा प्रोसेसर या दोन्ही कार्डांना कमी पडेल असे सांगितले, त्यामुळे मी संभ्रमात पडलो आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

तारतम्य

वाटसरू, आपण सगळी माहिती नीट दिली आहे, त्यामुळे मुद्द्याला थेट हात घालता येतो. कार्डांच्या यादीत डोके घालण्याआधी आपल्या प्रोसेसरची एक गोष्ट समजून घ्या, कारण दुकानात ती सहसा कोणी सांगत नाही.

५६०० आणि ५६००जी ही नावे जवळजवळ सारखी दिसत असली, तरी ते दोन वेगळ्या घडणीचे प्रोसेसर आहेत. ५६०० मध्ये ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरची स्वतःची जलद मेमरी) आहे, तर ५६००जी मध्ये ती १६ एमबी आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ५६०० हा पीसीआय एक्सप्रेस (प्रोसेसर आणि कार्ड यांच्यातली जोडणी) ४.० देतो आणि ५६००जी फक्त ३.० देतो. आपला बी५५० बोर्ड ४.० च्या तोडीचा असला तरी कार्डाच्या मुख्य स्लॉटच्या, माहिती वाहून नेणाऱ्या मार्गिका थेट प्रोसेसरकडून येतात, त्यामुळे आपल्याकडे तो स्लॉट ३.० च्याच वेगाने चालणार.

आता कार्डांकडे पाहू. आरटीएक्स ४०६० (जून २०२३) आणि आरटीएक्स ५०६० (मे २०२५) या दोन्ही कार्डांना सोळा नव्हे, तर आठच मार्गिका आहेत. पीसीआय एक्सप्रेस ४.० वर आठ मार्गिकांमधून सेकंदाला साधारण १६ जीबी माहिती जाते, ३.० वर ती निम्मी, म्हणजे सुमारे ८ जीबी होते. कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत सगळे मावत असेल तोवर या कपातीचा परिणाम थोडाच जाणवतो, कारण ५०६० ची स्वतःची मेमरी सेकंदाला ४४८ जीबी वेगाने चालते आणि स्लॉटमधून फारसे काही मागवावे लागत नाही. गेमचा किंवा ब्लेंडरमधल्या दृश्याचा पसारा या कार्डांच्या ८ जीबी मेमरीच्या बाहेर गेला, की मात्र उरलेला भाग मुख्य रॅममध्ये ठेवावा लागतो आणि दर वेळी स्लॉटच्या त्या सेकंदाला ८ जीबीच्या अरुंद वाटेने आणावा लागतो. चित्र अडखळते ते तिथे. म्हणजे ८ जीबी मेमरी, आठ मार्गिका आणि ३.० चा स्लॉट या तीन गोष्टी एकत्र आल्या, की प्रत्येक मर्यादा दुसरीला अधिक जाचक करते.

म्हणून माझ्या मते आपल्यापुढे दोन सरळ वाटा आहेत. पहिली म्हणजे सोळा मार्गिका आणि ८ जीबीपेक्षा जास्त मेमरी असलेले कार्ड घेणे. यात एनव्हिडियाचे १२ जीबीचे आरटीएक्स ३०६० बसते आणि एएमडीचे १६ जीबीचे आरएक्स ९०६० एक्सटीही बसते. दुसरी वाट म्हणजे ५०६० घेणे आणि पुढे कधीतरी त्याच बोर्डावर ५६०० किंवा ५७००एक्स बसवून ४.० चा लाभ घेणे. मी दुसरी वाट निवडेन, कारण ५०६० हे गेममध्ये आणि रेंडरिंगमध्येही (दृश्यातून अंतिम चित्र तयार करण्यातही) ३०६० पेक्षा बरेच वेगवान आहे.

किमतीचा अंदाज असा बांधता येतो. ५०६० ची जाहीर झालेली किंमत २९९ डॉलर आहे. डॉलरला ८५ रुपये (२०२५ च्या मध्यातला दर) धरले तर ती २५,४०० च्या आसपास जाते आणि १८ टक्के जीएसटी मिळवला की ३०,००० होतात. याच हिशेबाने ३४९ डॉलरचे १६ जीबीचे आरएक्स ९०६० एक्सटी ३५,००० वर, तर ४२९ डॉलरचे १६ जीबीचे आरटीएक्स ५०६० टीआय ४३,००० वर जाते. दुकानदाराने सांगितलेला भाव या आकड्याच्या फार वर असेल, तर दुसऱ्या दुकानात चौकशी करावी.

निळाई

बॉटलनेक कॅल्क्युलेटरवर अजिबात विसंबू नका. ती संकेतस्थळे प्रोसेसर आणि कार्डाच्या जोडीला एकच टक्केवारी चिकटवतात, पण कोण कमी पडणार हे गेमवर, रिझोल्यूशनवर आणि सेटिंगवर ठरते. त्याच संगणकावर व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ खेळताना प्रोसेसर आधी दमतो आणि एखादा जड चित्रणाचा गेम सर्व सेटिंग वर ठेवून खेळताना कार्ड आधी दमते.

कार्ड बसवल्यावर याची परीक्षा घरीच घेता येते. एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरने पडद्याच्या कोपऱ्यात कार्डाचा वापर दाखवायला लावावा. तो ९५ टक्क्यांच्या वर राहत असेल तर कार्ड पूर्ण क्षमतेने राबत आहे. तो ६०-७० टक्क्यांवर रेंगाळत असेल, फ्रेमवर कुठली मर्यादा घातलेली नसेल आणि रिझोल्यूशन कमी करूनही फ्रेम वाढत नसतील, तर प्रोसेसर मागे पडत आहे. शिवाय तुमचा मॉनिटर ७५ हर्ट्झचा आहे. सेकंदाला ७५ फ्रेमपर्यंत हा प्रोसेसर बहुतेक गेममध्ये व्यवस्थित साथ देतो, त्यामुळे सध्या ती चिंता बाजूला ठेवलेली बरी.

वाटसरू_सातारा

तारतम्य आणि निळाई, दोघांचेही मनापासून आभार. ५६००जी चा स्लॉट ३.० चा आहे हे मला ठाऊक नव्हते. आरटीएक्स ३०६० चा भाव मला २५,००० च्या आसपास सांगितला आहे.

एक पूरक प्रश्न आहे. आमच्याकडे वीज अधूनमधून जाते, म्हणून ६०० व्हीएचा यूपीएस लावलेला आहे. एसएमपीएसवरच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात ३६ अँपिअर असे लिहिले आहे आणि कार्डासाठी ६ अधिक २ पिनची एक केबल आहे. एवढ्यावर भागेल का?

दाबनियंत्रक

हा प्रश्न विचारलात हे उत्तम झाले. कार्डापायी हजारो रुपये मोजणारे लोक एसएमपीएसच्या लेबलकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

लेबलवरचा मोठा आकडा विसरून १२ व्होल्टचा रकाना पाहायचा असतो, कारण प्रोसेसर आणि कार्ड दोघेही तिथूनच वीज ओढतात. ३६ अँपिअर गुणिले १२ म्हणजे ४३२ वॅट. ४५० वॅटच्या एसएमपीएसने त्यातले ४३२ वॅट १२ व्होल्टवर देणे हे चांगल्या बांधणीचे लक्षण आहे. खोक्यावर ४५० लिहिलेले आणि १२ व्होल्टवर जेमतेम २४ अँपिअर, म्हणजे २८८ वॅट देणारे एसएमपीएसही बाजारात विकले जातात आणि त्यांवर असले कार्ड लावू नये.

आता खर्चाची बाजू. ५६००जी ६५ वॅटचा म्हणवला जात असला तरी पूर्ण भारावर ८८ वॅटपर्यंत घेतो. आरटीएक्स ५०६० चे १४५ वॅट आणि बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे यांचे ५० वॅट धरले, तर बेरीज २८३ होते. आरटीएक्स ३०६० हे १७० वॅटचे आहे, तिथे बेरीज ३०८ वर जाते. कार्ड क्षणभर यापेक्षा बरीच जास्त वीज ओढते, म्हणूनच कंपनी दोन्ही कार्डांसाठी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. तुमचा एसएमपीएस चालेल, परंतु तो चार वर्षांचा आहे हे ध्यानात घेऊन पुढच्या वर्षा-दोन वर्षांत ५५० वॅटचा घेण्याची तयारी ठेवावी. ६ अधिक २ पिनची एक केबल या दोन्ही कार्डांच्या ८ पिनच्या जोडणीला पुरते. प्रोसेसरसाठीची ४ अधिक ४ पिनची केबल दिसायला तशीच असते, पण तिची जोडणी वेगळी असते, तेव्हा ती कार्डात बसवण्याचा प्रयत्न कोणी करू नये.

तुमची खरी अडचण यूपीएसची आहे. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॅटच देऊ शकतो. ५०६० लावले तर एसएमपीएसची कार्यक्षमता ८५ टक्के धरून भिंतीतून ३३३ वॅट ओढले जातील आणि मॉनिटरचे २५ मिळवले की ३५८ होतील, म्हणजे अगदी काठावर. ३०६० लावले तर तोच आकडा ३८७ होतो. ब्लेंडरमध्ये कार्डावर रेंडर चालू असताना प्रोसेसर बराचसा मोकळा असतो, त्यामुळे तेव्हा भागून जाईल, पण जड गेम चालू असताना वीज गेली तर यूपीएस भार टाकून देईल आणि संगणक बंद पडेल. ११०० व्हीएचा, ६६० वॅटचा यूपीएस घेणे इष्ट आहे. शक्य असल्यास तो प्युअर साइन वेव्हचा (विजेची गुळगुळीत लहर देणारा) घ्या, कारण ॲक्टिव्ह पीएफसी (विजेचा वापर सुधारणारे सर्किट) असलेले काही एसएमपीएस साध्या यूपीएसच्या पायऱ्यापायऱ्यांच्या लहरीवर जाताना बंद पडतात.

रेंडरवेडी

मी ब्लेंडरवर रोज काम करते, म्हणून त्या बाजूने लिहिते. तारतम्य यांच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही, जरी त्यांची कारणमीमांसा पूर्ण बरोबर असली तरी.

गेममध्ये मेमरी कमी पडली तर टेक्श्चरची (वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवलेल्या चित्रांची) पातळी एक पायरी खाली आणून खेळता येते. ॲनिमेशन शिकणाऱ्या विद्यार्थिनीला मात्र दृश्य जसे दिले आहे तसेच रेंडर करावे लागते. हिशेब असा आहे. ४०९६ गुणिले ४०९६ पिक्सेलचे एक टेक्श्चर मेमरीत उघडले, की दर पिक्सेलला चार बाइट धरून ६४ एमबी जागा घेते, मग डिस्कवरची ती जेपीजी फाइल कितीही छोटी असो. एका मटेरियलला रंग, खडबडीतपणा, नॉर्मल आणि उंची अशी चार टेक्श्चर लावली की २५६ एमबी झाले. अशी वीस मटेरियल असलेले एखादे वाड्याचे दृश्य फक्त टेक्श्चरपायी ५ जीबी घेते. भूमिती, केस, गवत यांची मेमरी त्यावर वेगळी आणि विंडोज तसेच ब्राउझर यांची आणखी वेगळी. ८ जीबी संपायला असा किती वेळ लागणार? मेमरी ओसंडली की रेंडर कमालीचे मंदावते किंवा मेमरी अपुरी असल्याचा संदेश देऊन थांबते.

५०६० वेगवान आहे यात शंका नाही. पण संथ कार्डावर रेंडर रात्रभर लावून ठेवता येते. मेमरीत न मावणारे दृश्य तसे रेटता येत नाही. शिकणाऱ्या माणसासाठी मी १२ जीबीला झुकते माप देईन. एएमडीचे १६ जीबीचे कार्ड गेमसाठी उत्तम असले तरी ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनमध्ये एनव्हिडियाची ऑप्टिक्स ही कार्डावर रेंडर करण्याची प्रणाली अजूनही सरस ठरते, म्हणून ते मी सुचवत नाही.

अर्थात अंदाजाने ठरवण्यापेक्षा मोजून ठरवावे. तुमच्या बहिणीला महाविद्यालयातील संगणकावर तिची दोन-तीन जड दृश्ये कार्डावर रेंडर करून पाहायला सांगा. रेंडरच्या खिडकीत वरच्या ओळीत मेमरीचा आकडा येतो, त्यातला ‘पीक’ पुढचा आकडा टिपून घ्यावा. तो नेहमी ६ जीबीच्या आत राहत असेल, तर तारतम्य यांचा सल्ला योग्य आहे.

आणखी एक. तुमच्या प्रोसेसरमधले अंगभूत ग्राफिक्स इथे उपयोगी पडेल. मोठे रेंडर लावताना मॉनिटरची केबल मदरबोर्डला जोडली, तर पडद्याचे काम अंगभूत ग्राफिक्सवर जाते आणि कार्डाची मेमरी बहुतांशी रेंडरसाठी मोकळी राहते. ५६०० घेतला तर ही सोय जाते.

तारतम्य

रेंडरवेडी, आपला मुद्दा मला पटला, विशेषतः अंगभूत ग्राफिक्सचा. मोजून ठरवणे हेच योग्य. वाटसरूंनी ३०६० घेतले तर एक सावधगिरी बाळगावी. २०२२ च्या अखेरीस याच नावाचे ८ जीबीचे कार्डही बाजारात आले. त्याची बस (मेमरीकडे जाणाऱ्या वाटेची रुंदी) १९२ ऐवजी १२८ बिटची आहे आणि मेमरीचा वेग सेकंदाला ३६० वरून २४० जीबीवर आला आहे. खोक्यावर १२ जीबी लिहिलेले असल्याची खात्री करूनच पैसे द्यावेत.

इंटेलच्या आर्क बी५८० बद्दल कोणी विचारण्याआधीच लिहितो. १२ जीबी मेमरी आणि २४९ डॉलर किंमत पाहून ते मोहात पाडते, पण २०२५ च्या सुरुवातीला समीक्षकांनी दाखवून दिले की मध्यम ताकदीच्या जुन्या प्रोसेसरसोबत त्याचा वेग बराच घसरतो, कारण त्याच्या ड्रायव्हरचा प्रोसेसरवर भार अधिक पडतो. त्यात त्यालाही आठच मार्गिका आहेत. ५६००जी सोबत ते घेऊ नये.

ग्रँटरोडकर

सेकंडहँड कार्डांचाही विचार व्हावा असे वाटते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि ऑनलाइन गटांमध्ये १२ जीबीची ३०६० मोठ्या संख्येने विकायला येतात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग (कार्डांवर गणिते सोडवून चलन मिळवण्याचे ‘खाणकाम’) थांबले, त्यानंतर खाणकामात राबलेली पुष्कळ कार्डे बाजारात आली आणि त्यांतली काही अजूनही हात बदलत फिरत आहेत. खाणकामात वापरलेले कार्ड वाईटच असते असे नाही, परंतु पंख्यांची झीज आणि मेमरीवरचे थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्ट्या) या दोन गोष्टी तपासाव्यात.

कार्ड चालू संगणकावर पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये मेमरीची क्षमता, बसची रुंदी आणि मार्गिकांची संख्या पाहावी. जुन्या चिपवर नव्या नावाचे बायॉस (आत साठवलेले मूळ सॉफ्टवेअर) चढवून विकलेली बनावट एनव्हिडिया कार्डे हे सॉफ्टवेअर २०१८ पासून ओळखते. नंतर पंधरा-वीस मिनिटे भार चाचणी लावून पडद्यावर ठिपके किंवा पट्टे उमटतात का, पंखा घरघरतो का, हे पाहावे. मूळ बिल आणि खोक्यावरचा व कार्डावरचा सारखाच सिरियल क्रमांक, हे दोन्ही मिळाले तरच उरलेल्या वॉरंटीची आशा धरावी. परदेशातून कोणाकडून कार्ड मागवणाऱ्यांनी भारतात त्याची वॉरंटी चालते का, हे आधी कंपनीला विचारून घ्यावे.

नव्या कार्डाचा भाव २५,००० असेल, तर सेकंडहँड कार्ड त्याच्या निम्म्यात मिळत असेल तरच घ्यावे, असे माझे मत आहे.

चंद्रपूरकर

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, त्यामुळे तापमानाविषयी थोडे लिहितो. खोलीतली हवा जितकी तापते, साधारण तितकेच अंश कार्डाचे तापमान वर चढते. पुढून काचेने किंवा प्लास्टिकने बंद असलेल्या कॅबिनेटमध्ये कार्ड स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढत राहते. पुढे जाळी असलेले कॅबिनेट आणि हवा आत ओढणारे दोन पंखे ही गरज आहे, चैन नव्हे.

दुसरा उपाय फुकटचा आहे. आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिटची (कार्डाने किती वीज घ्यावी या मर्यादेची) पट्टी ८५ टक्क्यांवर आणावी. वेग थोडाच कमी होतो, कार्ड मात्र अनेक अंशांनी थंड राहते आणि दाबनियंत्रक यांनी मांडलेल्या यूपीएसच्या हिशेबातही वीस-पंचवीस वॅटची सूट मिळते. उन्हाळ्यात मी हीच मर्यादा कायम ठेवतो. कॅबिनेटच्या जाळीवरची धूळ दर महिन्या-दोन महिन्यांनी मऊ ब्रशने काढत राहावे.

वाटसरू_सातारा

सर्वांचे आभार. बहिणीने तिच्या प्रकल्पांचे आकडे पाठवले आहेत. बहुतेक दृश्ये ४ ते ५ जीबीमध्ये आहेत, पण सध्या चालू असलेल्या जंगलाच्या दृश्याने ९ जीबी ओलांडले. टेक्श्चर लहान करून ते खाली आणता येईल असे ती म्हणते, तरी पुढच्या वर्षीचे प्रकल्प याहून जड असणार. त्यामुळे १२ जीबीचे आरटीएक्स ३०६० नवेच, बिलासह घेण्याचे ठरवले आहे. उरलेल्या रकमेत थोडी भर घालून ११०० व्हीएचा यूपीएस घेतो. एसएमपीएस तूर्तास तोच ठेवून पॉवर लिमिट ८५ टक्के करेन.

कार्ड बसवण्याआधी मदरबोर्डच्या बायॉसमध्ये काही बदल करावे लागतात का?

तारतम्य

निवड योग्य आहे. आधी विंडोजच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये ‘बायॉस मोड’ यूईएफआय (नवी पद्धत) आहे की लेगसी (जुनी), हे पाहा. यूईएफआय असेल तर बायॉसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद करून ‘अबव्ह ४जी डीकोडिंग’ आणि ‘रीसायझेबल बार’ (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) सुरू करावे, त्याने काही गेममध्ये थोडा फायदा होतो. लेगसी असेल तर सीएसएमला हात लावू नका, कारण मग विंडोज सुरूच होणार नाही. डिस्क जीपीटी पद्धतीची (यूईएफआयला लागणाऱ्या मांडणीची) करून घेतल्याशिवाय तो बदल करता येत नाही आणि त्याआधी सगळ्या फायलींचा बॅकअप घ्यावा लागतो.

अंगभूत ग्राफिक्स बंद करू नका, फक्त त्यासाठी राखून ठेवलेली रॅम ‘ऑटो’वर किंवा ५१२ एमबीवर आणा, म्हणजे १६ जीबीपैकी उरलेली रॅम ब्लेंडरला मिळेल. रोजच्या वापरात आणि गेम खेळताना मॉनिटरची केबल कार्डाच्याच पोर्टला जोडलेली असावी. ब्लेंडरमध्ये प्रेफरन्सेसच्या सिस्टिम विभागात जाऊन ऑप्टिक्स निवडावे आणि रेंडरच्या सेटिंगमध्ये डिव्हाइस म्हणून जीपीयू ठेवावे. हे दोन्ही केले नाही तर सायकल्सचे रेंडर प्रोसेसरवरच चालते.